चालत जाऊ दे की नको? शाळेच्या रस्त्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाताजाता एक वाक्य लिहिलं होतं, ज्यांची शाळा दोन किलोमीटरच्या आत आहे त्या मुलांनी व्हॅन सोडून पायी किंवा सायकलने जावं, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकी सगळे विषय बाजूला ठेवून आजचं सदर पूर्ण त्यालाच देतेय. बरीच पत्रं काळजीची आहेत, दोनचार चिडलेली आहेत, एक पत्र नववीतल्या मुलीचं आहे आणि ते मी दोनदा वाचलं. मी सव्वीस वर्षं पुण्यात शाळेत पीटी शिकवली आणि आता रिटायर झालेय, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे, उत्तरं लांबली तर समजून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा सहावीत आहे. आम्ही कर्वेनगरला राहतो आणि शाळा घरापासून दीड किलोमीटरवर आहे, मॅपवर बघितलं. सध्या व्हॅनने जातो. व्हॅनवाले काका चांगले आहेत पण सगळी मुलं गोळा करत फिरतात म्हणून सातच्या शाळेसाठी हा सव्वासहाला खाली उभा असतो. आता त्याचं म्हणणं की बिल्डिंगमधल्या मित्राबरोबर चालत जातो. सासूबाई म्हणतात एवढ्या ट्रॅफिकमध्ये पोराला सोडायचं नाही, मिस्टर म्हणतात जाऊ दे की, आणि मी मधल्यामध्ये अडकलेय. काय करू?
(एक आई, कर्वेनगर)

उत्तर: जाऊ दे. पण उद्या सकाळी दप्तर अडकवून एकदम नाही, तीन आठवडे घ्या.

आधी हिशोब सांगते. दीड किलोमीटर म्हणजे सहावीतल्या मुलाच्या चालीने वीसबावीस मिनिटं, येऊन जाऊन चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं हललं पाहिजे. दम लागेल म्हणजे किती, तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. म्हणजे भरभर चालला तर तुमच्या मुलाचा निम्म्याहून जास्त कोटा शाळेच्या रस्त्यावरच पूर्ण होतो, वेगळा क्लास नको, फी नको. आणि आत्ता तो तेवढाच वेळ, सव्वासहा ते सात, व्हॅनमध्ये मांडीवर दप्तर घेऊन बसून काढतोय.

आता सासूबाईंचं. त्यांना घाबरट म्हणू नका, त्यांची भीती खरी आहे. पुण्याच्या रस्त्यावर मूल सोडताना ज्याला भीती वाटत नाही त्याने रस्ता नीट बघितलेला नाही. म्हणून एका रविवारी सकाळी सासूबाईंनाच बरोबर घ्या आणि तिघं मिळून शाळेपर्यंत चालत जा. जवळचा रस्ता शोधू नका, शांत रस्ता शोधा. मेन रोडने दीड किलोमीटर असेल आणि आतल्या सोसायट्यांच्या गल्ल्यांमधून पावणेदोन पडत असेल तर पावणेदोनवालाच घ्या. आतल्या गल्लीत गाड्या कमी, धूर कमी, आणि मुख्य म्हणजे वेग कमी. ३० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात साधारण आठ मीटर पुढे येते, ५० च्या वेगाची जवळजवळ चौदा मीटर. ड्रायव्हरला मूल दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तो सेकंद गेलेला असतो. आणि ३० ने धडक बसली तर माणूस बहुतेक वेळा वाचतो, ५० ला ती खात्री राहत नाही, म्हणून मी वेगाबद्दल एवढं सांगते.

मेन रोड एकदा तरी क्रॉस करावा लागणारच. तिथे काय होतं ते सांगते, मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या साडेदहा वर्षांच्या मुलाला मी हे शिकवत होते. पहिल्या दिवशी मी मुद्दाम काहीच बोलले नाही, म्हटलं बघू तर खरं. तो फुटपाथच्या कडेला आला, उजवीकडे बघितलं, लांबून पीएमटी येत होती, तेवढ्या एका बसवर त्याची नजर चिकटली. बस जायची वाट बघितली, बस गेली, आणि बस गेल्या क्षणी पाय रस्त्यावर टाकला. बसच्या मागून एक स्कूटर निघाली ती त्याला दिसलीच नाही, आणि डावीकडून एक जण राँग साइडने फुटपाथला घासून आला तो तर त्याच्या हिशोबातच नव्हता. मी दप्तराचा पट्टा धरून मागे ओढलं. ह्यात त्याचा काही दोष नाही, ह्या वयापर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज येतच नाही नीट, मोठी गाडी दिसते आणि तिच्यामागची लहान निसटते. म्हणून तेव्हापासून मी त्याला तीन गोष्टी घोकवल्या. बस गेली की मनात तीन आकडे मोजायचे आणि परत उजवीकडे बघायचं. रस्ता वन वे असला तरी दोन्हीकडे बघायचं, कारण पुण्यात उलट्या बाजूने येणारा हा असतोच असं धरून चालायचं. आणि अर्ध्यात गेल्यावर पळायचं नाही, हात वर करून एका चालीने जायचं, कारण पळणाऱ्या मुलाचा अंदाज ड्रायव्हरला येत नाही. पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर उतरायचं नाही हे चौथं, ते त्यानेच मला सांगितलं पंधरा दिवसांनी.

तुम्ही असं करा, पहिला आठवडा मुलगा पुढे आणि तुम्ही एक पाऊल मागे, तोंड बंद ठेवून, तो चुकला तरच बोलायचं. दुसऱ्या आठवड्यात पन्नास पावलं मागे. तिसऱ्यात फक्त मेन रोडच्या क्रॉसिंगला जाऊन उभं राहायचं. मग सोडून द्या, आणि शाळेत पोचल्याचा निरोप कसा द्यायचा ते ठरवा. मित्र बरोबर आहे ही फार चांगली गोष्ट आहे, फक्त मित्राच्या आईलाही ह्या तीन आठवड्यांत घ्या, नाहीतर एकाला शिस्त आणि दुसरा ओढतोय असं होतं.

दप्तराचं वजन करा. मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम आहे, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो. बहुतेक घरी वजनकाट्यावर ठेवल्यावर आया गप्प होतात. पट्टे दोन्ही खांद्यांवर, आणि पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, शक्यतो पिवळा किंवा केशरी, काळा आणि नेव्ही ब्लू नको. छत्री वाऱ्याने उलटली की मूल रस्ता सोडून छत्रीकडे बघतं.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, शिडशिडीत आहे, अजिबात वजन नाही. शनिवार रविवार क्रिकेट अ‍ॅकॅडमीला जातो. त्याला चालण्याबिलण्याची काय गरज? ज्यांची मुलं लठ्ठ आहेत त्यांना सांगा ना.
(एक बाबा, सिंहगड रोड)

उत्तर: तुमचा प्रश्न रोखठोक आहे म्हणून आवडला, पण ह्याच गैरसमजाने आपल्याकडे खूप नुकसान केलंय. आणि ह्याचा पुरावा बाहेर शोधायला नको, आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३, म्हणजे काट्यावर दोघंही सडसडीत. पण मशीनवर चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! पुण्याजवळच्या गावांमध्ये त्यांच्या टीमने नवजात बाळांची मापं घेतली तेव्हाही तेच, आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी पण त्या मानाने चरबी राखून असलेली, स्नायू कमी. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणं आणि तब्येत चांगली असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डायबेटीस बारीक माणसांनाही का होतो ते ह्यातून थोडंफार कळतं. स्नायू वापरल्याशिवाय वाढत नाहीत, तुमचा मुलगा बारीक आहे म्हणून तर त्याला चालायची आणि पळायची जास्त गरज आहे.

क्रिकेटबद्दल. मला क्रिकेट आवडतं, पण एकदा अ‍ॅकॅडमीत जाऊन घड्याळ लावून बसा. दोन तासांत मुलगा पॅड बांधून नंबर यायची वाट बघत किती वेळ बसला, आणि खरंच किती मिनिटं पळाला ते लिहून काढा. माझ्या वर्गाच्या तासाला सुद्धा मी हे केलंय, चाळीस मुलं आणि दोन बॅटी असल्या की पळणं फार थोडं होतं. शिवाय दोन दिवसांचं खेळणं उरलेल्या पाच दिवसांना पुरत नाही, शरीराला रोजचं लागतं. वारजे, सिंहगड रोड भागात शाळा फार लांब असेल तर निदान एक किलोमीटर अलीकडे उतरवा आणि तिथून चालू दे.

अजून एक, पत्रात तुम्ही खाली लिहिलंय की त्याच्या चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय. मग हे वाचा, चीनमध्ये ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर उघड्यावर काढायला लावली, तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये साधारण ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता आणि बाकीच्या शाळांमध्ये साधारण ४० टक्के मुलांना. दिवसाच्या उजेडात बाहेर असण्याचा डोळ्यांना फायदा होतो. लागलेला नंबर चालण्याने जात नाही हे स्पष्ट सांगते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं चालूच ठेवा.

प्रश्न: मॅम, मी नववीत आहे. सातवीपर्यंत मी सायकलनी शाळेत जायचे. मग घरचे म्हणाले आता मोठी झालीस, बास सायकल, आणि रिक्षा लावली. माझा भाऊ माझ्याहून दीड वर्ष लहान आहे तो जातो सायकलनी. मला सायकल खूप आवडते. आणि स्कर्टवर बसता येत नाही असं पण म्हणतात. मी काय बोलू घरी?
(वाचक, बिबवेवाडी)

उत्तर: बाळा, तुझं पत्र वाचून मला माझ्या वर्गातल्या किती मुली आठवल्या म्हणून सांगू. सातवीपर्यंत लंगडीत, खोखोत सगळ्यांच्या पुढे, आणि आठवीनंतर ग्राउंडच्या कडेला ओढण्या सांभाळत उभ्या. त्यांना कोणी नाही म्हणालं असं पण नसतं, हळूहळू सगळं बंद होत जातं. तुझं मात्र सरळ सरळ बंद केलंय आणि भावाचं चालू ठेवलंय, ते तुला टोचतंय, आणि ते टोचायलाच हवं.

आईबाबांशी भांडून नको बोलूस. आधी त्यांना विचार की नक्की कशाची भीती वाटते, गाड्यांची का माणसांची. बहुतेक वेळा आईबाप हे बोलत नाहीत, मोठी झालीस एवढंच म्हणतात. गाड्यांची असेल तर बाबांना एक आठवडा स्वतःच्या गाडीवर तुझ्या मागे यायला सांग, तू हात कसा दाखवतेस, सिग्नलला कशी थांबतेस ते बघू देत. माणसांची असेल तर वर्गातल्या अजून दोन मुली शोध ज्या त्याच बाजूने येतात, तिघी एकत्र गेलात की आयांचा जीव निम्मा खाली पडतो. आणि कोणी त्रास दिला तर घरी सांगेन, लपवणार नाही, असं तूच आधी कबूल कर, कारण मुली का लपवतात माहितीये, सायकल बंद होईल म्हणून. आईला हे माझं उत्तर दाखव आणि तिला सांग की मुलीने त्रास सांगितला म्हणून तिचीच सायकल बंद करायची नाही हे आईबाबांनीही कबूल करायला हवं.

स्कर्टचं एकदम सोपं आहे, खाली सायकलिंग शॉर्ट्स किंवा लेगिंग. बऱ्याच शाळा आठवीपासून पंजाबी ड्रेस देतात, त्याची ओढणी मात्र चाकात जाते, ती दप्तरात टाक आणि शाळेत गेल्यावर घे. पाळीत सायकल चालवू नये असं कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही, बरं वाटत असेल तर खुशाल चालव.

आणि बाबांना हे पण सांग. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सरकारने सायकलसाठी पैसे दिले. नंतर अभ्यासकांनी मोजलं तर हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगामुलगी मधलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं होतं. आपल्या महाराष्ट्रातही मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. तिथे मुलगी मोठी झाली म्हणून सायकल देतात गं, काढून घेत नाहीत.

प्रश्न: पाचवीतल्या मुलीला गिअरची सायकल घ्यावी का? कोणती घ्यावी?
(एक पालक, औंध)

उत्तर: गिअर नको. पाचवीत मुलं गिअर बदलायच्या नादात खाली बघतात. दुकानात मुलीला घेऊनच जा, वाढत्या मापाची मोठी सायकल घेऊ नका, तो फ्रॉकचा हिशोब सायकलला लावला की मूल पडतं. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि ब्रेकचा दांडा तिच्याच बोटांनी पूर्ण दाबला गेला पाहिजे, तुमच्या नाही. मागे लाल रिफ्लेक्टर, हँडलला घंटी, पुढे टोपली नाहीतर मागे कॅरिअर, म्हणजे दप्तर पाठीवर येत नाही. हेल्मेट डोक्यावर पट्टा लावून हलवून बघा, पट्टा नसेल लावत तर त्याचा उपयोग नाही. आठवड्यातून एकदा हवा, महिन्यातून एकदा चेनला तेल, आणि हे तिनेच करायचं. मेन रोडवर एकटीला अजून दोन वर्षं नको, आधी सोसायटी, मग आतले रस्ते, मग मोठ्यांबरोबर.

प्रश्न: माझा नातू दहावीत, १५ वर्षांचा. क्लास लांब पडतो म्हणून चिरंजीवांनी त्याला गिअरलेस स्कूटर दिली आहे. मी बोललो तर म्हणतात बाबा, सगळीच मुलं चालवतात. आमच्या काळी आम्ही भाड्याची सायकल तासावर आणून, मधल्या दांडीतून पाय घालून कैची मारत शिकलो आणि कॉलेजपर्यंत सायकलच होती. माझं काही चुकतंय का?
(एक आजोबा, सहकारनगर)

उत्तर: आजोबा, तुमचं काही चुकत नाही. चिरंजीवांना हे वाचायला द्या. १८ च्या आत ही स्कूटर चालवणं बेकायदा आहे, सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा थेट पालकाला किंवा गाडीच्या मालकाला धरतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. पण मला कायद्यापेक्षा जास्त काळजी वेगळीच आहे. मी शाळेत असताना एका वर्षी दहावीच्या बॅचमधला एक मुलगा अशाच क्लासला जाताना गेला, परीक्षेच्या आधी. त्याचा बाक आम्ही वर्षअखेरपर्यंत हलवला नाही. ह्यावर मला आणखी काही लिहवत नाही. गाडीची किल्ली आजच काढून घ्या.

नातवाला तुम्ही एक सायकल घेऊन द्या, आणि पुण्याच्या चढांची तक्रार केली तर त्याला गिअरची घ्या, दहावीच्या मुलाला चालते. क्लास फारच लांब असेल तर बस आहे, मेट्रो आहे, स्टेशनपासून पुढे पायी.

प्रश्न: आमच्या शाळेच्या गेटवर सकाळी एवढ्या गाड्या येतात की चालत येणाऱ्या मुलांनाच जागा नसते. मी पालक संघात आहे. आम्ही काय करू शकतो?
(एक पालक, कोथरूड)

उत्तर: गेटवर चालणाऱ्या मुलाला धोका कोणाचा असतो, तर दुसऱ्या मुलाला सोडायला आलेल्या पालकाचा. रस्ता धोक्याचा म्हणून आपण गाडी काढतो आणि आपल्या गाडीने तो अजून धोक्याचा होतो. शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायला सांगितले ते झोपेसाठी चांगलंच झालं, पण जिथे ते लागू आहे तिथे लहान मुलं आता ऑफिसच्या गर्दीत रस्त्यावर येतात, म्हणून गेटचं काम आणखी महत्त्वाचं झालंय.

पालक संघाने ठरवून गेटच्या दोनतीनशे मीटर अलीकडे दोन जागा नक्की करा, गाडीवाल्यांनी मुलांना तिथेच उतरवायचं, पुढे मुलं चालत. पहिले पंधरा दिवस चारपाच पालक तिथे उभे राहिले पाहिजेत, नुसतं ग्रुपवर मेसेज टाकून होत नाही. जपानमध्ये प्राथमिकची मुलं गल्लीगल्लीने घोळका करून चालत शाळेत जातात, पुढे सहावीचं मूल, मध्ये छोटी, मागे परत एक मोठं. आपल्याकडे तर ही सवय होतीच, पेठांमध्ये अजूनही दिसते. तुमच्या शाळेतल्या मुलांचे पत्ते घेऊन एका सोसायटीतली सहासात मुलं आणि पाळीपाळीने एक पालक असे गट करा. आठवड्यातून एका पालकाची एकच सकाळ जाते.

आणि महापालिकेकडे मागा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे, साधारण पावसाळ्यात क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून घेतात, त्यात फुटपाथ दुरुस्ती, स्पीड ब्रेकर अशी छोटी कामं बसतात. झेब्रा पट्टे आणि शाळेच्या वेळेत गेटसमोर गाड्यांना बंदी ह्यासाठी वाहतूक शाखेला वेगळा अर्ज द्या. अर्जात सगळीकडे सुधारणा करा असं लिहू नका, कुठला खांब, कुठल्या दुकानासमोर, किती फूट फुटपाथ तुटलाय, सकाळी कितीला किती गाड्या उभ्या असतात हे मोजून लिहा आणि फोटो जोडा. मोजायला मुलांनाच बसवा, सहावीसातवीची मुलं हे फार छान करतात. मुख्याध्यापकांची सही घ्या, दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.